जुन्या पेट्रोल कारसाठी कोणते इंजिन ऑइल: २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-४० की ५डब्ल्यू-३०?

पंधरा वर्षे उलटलेली, आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेली पेट्रोल कार सर्व्हिसिंगला नेली की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, की गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका. या सल्ल्यात तथ्य आहे, परंतु ते इंजिनाच्या झिजेशी निगडित आहे आणि झीज गाडीच्या वयावरून ठरत नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेले वीस वर्षांचे इंजिन उत्तम स्थितीत असू शकते, तर हेळसांड झालेले इंजिन सात-आठ वर्षांतच ऑइल खाऊ लागते. पुढील तुलना मुख्यतः मारुती ८०० आणि पहिल्या पिढीची झेन अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. प्रीमियर पद्मिनी आणि जुनी अ‍ॅम्बॅसेडर यांचा विचार वेगळा करावा लागतो.

ग्रेडमधील ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा ऑइल थंड असतानाचे वर्तन सांगतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकानुसार २०डब्ल्यू ऑइलची स्टार्टर फिरण्याची चाचणी उणे १५ अंश सेल्सिअसला, १५डब्ल्यूची उणे २०, १०डब्ल्यूची उणे २५ आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना होते. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही पारा या आकड्यांच्या जवळपास जात नाही, त्यामुळे महाराष्ट्रात हा पहिला आकडा निरर्थक आहे असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. तो अर्धाच बरोबर आहे. इथे ऑइल गोठून स्टार्टर अडकणार नाही हे खरे, पण नेहमीच्या हवेतही थंड ऑइल इंजिनाच्या दृष्टीने फार जाड असते. ४० अंशांना २०डब्ल्यू-५०चा घट्टपणा साधारण १६० ते १८० सेंटिस्टोक (आकडा जितका मोठा तितके ऑइल जाड), १५डब्ल्यू-४०चा १०५ ते ११५, १०डब्ल्यू-४०चा ९० ते १०० आणि ५डब्ल्यू-३०चा ६० ते ७० असतो. तेच ऑइल १०० अंशांना अनुक्रमे साधारण १८, १४ ते १५, १४ आणि १० ते ११ वर येते. म्हणजे २०डब्ल्यू-५० आणि ५डब्ल्यू-३० यांच्यातला गरम झाल्यावरचा फरक मर्यादित असतो आणि सकाळी गाडी सुरू करतानाचा फरक अडीच पटींहून अधिक. पंपातून निघालेले ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचायला लागणारा वेळ याच फरकावर अवलंबून असतो, आणि रोज दूध-भाजीसाठी दोन किलोमीटर फिरून परत उभ्या राहणाऱ्या गाडीचे जवळजवळ सगळे आयुष्य याच थंड अवस्थेत जाते.

दुसरा आकडा १०० अंशांना असणाऱ्या घट्टपणाचा असतो. त्याच्या जोडीला आणखी एक कसोटी असते, जी डब्यावर ठळक छापलेली नसते पण निवडीसाठी फार महत्त्वाची आहे. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये ऑइल प्रचंड वेगाने घासले जाते, म्हणून १५० अंशांना तशा घर्षणाखाली ते किती घट्ट राहते हे मोजतात. या कसोटीची किमान मर्यादा ३० ग्रेडसाठी २.९, १०डब्ल्यू-४०साठी ३.५ आणि १५डब्ल्यू-४०साठी ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे. २०डब्ल्यू-५०साठीही ती ३.७च आहे. प्रत्यक्षात चांगले २०डब्ल्यू-५० या मर्यादेच्या बरेच वर असते, हे मान्य. तरीही बेअरिंगच्या संरक्षणासाठी १५डब्ल्यू-४० अपुरे पडते ही समजूत किमान मानकाच्या पातळीवर टिकत नाही.

आता २०डब्ल्यू-५०कडे वळू, कारण खरा वाद त्याच्याभोवतीच आहे. बेअरिंगमधील फट झिजून वाढली असेल, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा मिणमिणत असेल किंवा मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात गाडी तासन् तास धावणार असेल, तर हे ऑइल उपयोगी पडते. पिस्टनच्या रिंगांमधून वर जाणारे ऑइल त्याने थोडे कमी होते आणि टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांचा, आवाजही दबतो. या दबलेल्या आवाजामुळेच ते लोकप्रिय आहे, आणि माझी हरकतही तिथेच आहे: आवाज दबल्याने दोष दूर होत नाही, तो फक्त ऐकू येईनासा होतो. शिवाय प्रेशर वाढले म्हणजे ऑइल अधिक पोहोचले असे नसते. जाड ऑइल वाटेत अडते म्हणूनही प्रेशर वाढलेले दिसते, आणि थंड इंजिनात ठरावीक मर्यादेनंतर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचे ऑइल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) परत पाठवतो. मारुती ८००च्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनाची ताकद मुळातच माफक असल्याने जाड ऑइल ढवळण्यात जाणारी शक्ती पिकअप आणि मायलेज दोन्हींत जाणवते.

१५डब्ल्यू-४० हे निरोगी जुन्या इंजिनासाठी माझ्या मते सर्वांत समतोल ऑइल आहे. ते गरम अवस्थेत पुरेसे जाड राहते, सकाळी २०डब्ल्यू-५०पेक्षा लवकर वर चढते, गावोगावच्या पेट्रोल पंपावर मिळते आणि मिनरल प्रकारात परवडतेही. एक काळजी घ्यावी: या ग्रेडचे बरेच डबे मुळात डिझेल इंजिनांसाठी असतात, त्यामुळे डब्याच्या मागे ‘एपीआय’ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या अक्षरांपुढे ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची श्रेणीही लिहिलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत अनेकदा दिसणारे २०डब्ल्यू-४० चालते, फक्त दुकानात त्या नावाने हाती येणारा डबा बहुधा मोटारसायकलच्या ४टी ऑइलचा असतो. ते ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी बनवलेले असते, कारसाठी घेऊ नये.

१०डब्ल्यू-४० बहुतांशी सेमी-सिंथेटिक असते. मुंबईच्या रहदारीत किंवा कोकणातल्या पावसाळ्यात थोडे-थोडे अंतर चालणाऱ्या, ऑइल न खाणाऱ्या गाडीला ते १५डब्ल्यू-४०पेक्षाही बरे. सिंथेटिक घातले की जुनी गाडी गळू लागते, ही भीती मात्र अर्धवट माहितीतून आली आहे. कडक झालेल्या ऑइल सीलभोवती साचलेला चिकटा नव्या ऑइलमधील डिटर्जंटने सुटतो आणि आधीपासून असलेली गळती उघडी पडते.

५डब्ल्यू-३० अशा गाड्यांना मी सुचवणार नाही. ज्या इंजिनाच्या पुस्तिकेत ते छापलेले आहे, विशेषतः ज्यात ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा आहे, तिथे तेच वापरावे आणि गाडी दहा-बारा वर्षांची झाली म्हणून जाड ऑइलकडे वळू नये. कार्ब्युरेटरच्या मारुतीत त्याचा लाभ नगण्य आणि उन्हाळ्यातल्या घाटात हाताशी राहणारी सुरक्षितता कमी.

निर्णयाआधी करण्याची तपासणी साधी आहे, पण ती कोणी करत नाही याचे वाईट वाटते. सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिकची खूण पाहून ठेवावी आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाहावी. पाव लिटरपर्यंतची घट जुन्या इंजिनाला शोभणारी आहे, तेवढ्यासाठी ग्रेड बदलू नये. अर्धा लिटर किंवा अधिक घट होत असेल तर धुराकडे लक्ष द्यावे. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील गेलेली असतात, आणि ती बदलणे हे पूर्ण इंजिन कामापेक्षा पुष्कळ लहान काम आहे; चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांचा संशय घ्यावा. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल सम्पमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. अशा पातळ झालेल्या ऑइलवर जाड ऑइलचा उपाय करणे धोक्याचे आहे. आधी पंप दुरुस्त करावा आणि मग ऑइल फिल्टरसह बदलावे.

पद्मिनीचे १०८९ सीसीचे आणि जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन पुशरॉडचे, सपाट टॅपेटचे आणि जुन्या मापांचे आहे. तिथे मी २०डब्ल्यू-५०च घ्यायला सांगेन, आणि त्यामागे घट्टपणाखेरीज आणखी एक कारण आहे. कॅम आणि टॅपेट यांच्यातील घासणीपासून जस्त-फॉस्फरसयुक्त झेडडीडीपी हा घटक संरक्षण देतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी एपीआय एसएम श्रेणीपासून (२००४) ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची कमाल मर्यादा आली, परंतु १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या ग्रेडना ती लागू नाही, म्हणून त्यांत हा घटक जास्त असू शकतो.

ज्यांच्या मारुती किंवा झेनमध्ये आज २०डब्ल्यू-५० आहे, त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगला फिल्टरसह १५डब्ल्यू-४० भरावे आणि पहिले हजार किलोमीटर दर दोनशे किलोमीटरला डिपस्टिक पाहावी. घट आधीइतकीच राहिली आणि पूर्ण गरम इंजिनात आयडलिंगला ऑइलचा दिवा लागला नाही, तर त्याच ग्रेडवर राहावे. दिवा लागलाच, तर प्रेशरचे सेन्सर स्विच काढून तिथे गेज लावून मेकॅनिककडून खरे प्रेशर मोजून घ्यावे, कारण जुन्या गाड्यांत ते स्विचच बिघडलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. गेजवरही प्रेशर कमी आले तर २०डब्ल्यू-५० पुन्हा भरून बेअरिंग आणि ऑइल पंपाच्या कामाची तयारी ठेवावी. ऑइल कोणतेही घेतले, तरी कमी चालणाऱ्या गाडीत ते वर्षातून एकदा बदलावेच, कारण उभ्या गाडीच्या सम्पमध्येही पाणी आणि न जळलेले पेट्रोल साचलेले असते.