बाथरूममधलं अंडरफ्लोअर हीटिंग, घ्यावं का?

पाय गरम राहतात, मस्तच, पण खरी करामत टाइलखालच्या मॅटची (जाळीवर बसवलेली तापणारी केबल) नाही, खालच्या इन्सुलेशन बोर्डची आहे, तिथे पैसे वाचवले तर उष्णता काँक्रीटमधे मुरते आणि बिल चढतं. आमची मॅट १५० वॅट प्रति चौरस मीटरवाली, जाळी कापून वळवता येते पण केबलला कात्री लावायची नाही म्हणजे नाही! इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरने रेझिस्टन्स अंथरायच्या आधी, नंतर आणि टाइल बसल्यावर परत चेक केला, बरं वाटलं, कारण नंतर फॉल्ट निघाला तर फरशीच फोडायची. ३० मिलिअँपची आरसीडी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवीच. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर पाइपमधून टाकलाय, बिघडला तर ओढून काढता येतो. थर्मोस्टॅटचा मेन्यू मात्र डोकं खातो, टायमर लावायला दरवेळी मुलीला हाक मारतो.