एन्टेकॅव्हिर की टेनोफोव्हिर: निवड जुन्या चिठ्ठीवरून

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदाराला औषधाला दाद न देणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. भुरीवर एकच बुरशीनाशक सतत मारले की पुढे त्याचा गुण येत नाही, म्हणून तो फवारणीत औषधाचा गट बदलत राहतो. हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराच्या उपचारासाठी नाशिकला येताना तो हाच हिशेब सोबत आणतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, दर वर्षी गोळी बदलून दिली तर?" बागेत शहाणपणाचे ठरणारे हे धोरण येथे अंगाशी येते, एकेकटी कमजोर औषधे एकामागून एक देत गेल्यानेच अनेक औषधांना न जुमानणारे विषाणू पुढे आले.

हा विषाणू डीएनएचा असला तरी त्याची नवी प्रत आरएनएच्या टप्प्यातून, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराकडून तयार होते आणि झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय त्या विकराकडे नसते. त्यामुळे सुमारे ३,२०० अक्षरांच्या या संहितेच्या सदोष प्रती गोळी सुरू होण्याआधीपासूनच शरीरात असतात. औषध त्या घडवत नाही. बाकीच्यांना थोपवून त्यांना रान मोकळे करून देते.

१९९८ मध्ये या आजारासाठी आलेल्या लॅमिव्हुडीनचे असेच झाले. विकर हे अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. त्याच्या २०४ व्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन आले की औषध जिथे बसते त्या खोबणीत लॅमिव्हुडीनला जागा उरत नाही. हा बदल विषाणूलाही महागात पडतो, कारण त्याची प्रती काढण्याची गती मंदावते. मात्र १८० व्या जागी ल्युसिनऐवजी मेथिओनिन येताच ती गती बरीचशी भरून निघते. पाच वर्षे केवळ लॅमिव्हुडीन घेणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये असा प्रतिरोध आढळला.

आज निवड असते ती एन्टेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिर या दोन गोळ्यांमध्ये. एन्टेकॅव्हिरला निष्प्रभ करायला हे दोन बदल पुरत नाहीत. १८४, २०२ किंवा २५० यांपैकी एका जागी तिसरा बदलही लागतो. म्हणून ज्याने आधी काहीच घेतलेले नाही त्याच्यात पाच वर्षांनंतरही प्रतिरोध जेमतेम १.२ टक्के दिसला. ज्याच्यात लॅमिव्हुडीनचा प्रतिरोध आधीच आहे त्याच्या बाबतीत मात्र तीन कुलपांपैकी दोन उघडीच असतात, आणि १ मिलिग्रॅमचा दुप्पट डोस देऊनही पाच वर्षांत निम्म्या रुग्णांत हे औषध हरते. टेनोफोव्हिरला २०४ च्या बदलाने फरक पडत नाही, आणि आठ वर्षे चाललेल्या चाचण्यांत त्याच्याविरुद्ध ठोस प्रतिरोध आढळला नाही.

माझ्या पाहण्यातल्या एका फायलीत, प्लास्टिकच्या पिशवीत तळाशी, घडीवर फाटलेली एक चिठ्ठी होती: लॅमिव्हुडीन १०० मिलिग्रॅम, रोज एक. फाईल ज्यांची होती त्या आप्पांना ती गोळी आठवतही नव्हती. यकृतपेशींच्या केंद्रकात विषाणूच्या वर्तुळाकार डीएनएचा जो साठा राहतो त्यात ते जुने बदलही जपले जातात, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची चिठ्ठीही आजच्या निवडीला लागू पडते. अशा रुग्णाला टेनोफोव्हिरच द्यावे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

कोरी पाटी असेल, म्हणजे आधी कुठलीच गोळी घेतलेली नसेल, तर दोन्ही औषधे तुल्यबळ आहेत आणि निवड इतर गोष्टींवर ठरते. मूत्रपिंड अधू असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील, तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिरचा नवा, २५ मिलिग्रॅमचा अॅलाफेनामाइड प्रकार बरा. जुना प्रकार ३०० मिलिग्रॅमचा असतो. गरोदरपणात टेनोफोव्हिर घ्यावे. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी, जेवणानंतर आणि पुढच्या जेवणाआधी दोन-दोन तास सोडून घ्यायचे असते, आणि पहाटे भाकरी खाऊन मळ्यात जाणाऱ्याला ते रात्री निजताना घेणेच जमते. एचआयव्हीची तपासणी मात्र दोन्हींच्या आधी हवी, कारण ती लागण असताना यांपैकी एकटे औषध दिल्यास एचआयव्हीमध्येच प्रतिरोध निपजू शकतो.

अहवालात ‘ई अँटिजेन निगेटिव्ह’, म्हणजे विषाणूचे ई नावाचे प्रथिन रक्तात नाही, असे वाचून हायसे वाटून घेऊ नये. विषाणूच्या संहितेत १८९६ व्या जागी ‘जी’ या अक्षराचा ‘ए’ झाला की विषाणू ते प्रथिन बनवणे थांबवतो, प्रती काढणे नाही. हा औषध-प्रतिरोध नव्हे आणि त्यावरून गोळीही बदलत नाही, पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, पाहिल्याशिवाय विषाणू निवला असे मानता येत नाही.

तोच लोड उपचारादरम्यान आपल्या नीचांकापेक्षा दहापटीने वाढला तर म्युटेशनचा, म्हणजे विषाणूच्या संहितेतल्या बदलाचा, संशय घेण्याआधी, द्राक्षकाढणीच्या धांदलीत किती गोळ्या चुकल्या ते विचारावे. चुकल्या नसतील तर जनुकक्रमाची तपासणी करावी आणि रक्त गोळी चालू असतानाच द्यावे. गोळी थांबताच वेगाने वाढणारा मूळ विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि बदललेला विषाणू त्या गर्दीत तपासणीला सापडत नाही.