मानेवरचे मस: ठेवावेत, बांधावेत की काढून घ्यावेत?

पाळी जाऊन वर्ष झालं आणि मला मानेवरचे मस मोजायचा नाद लागला. आधी एकच होता, मागे मंगळसूत्राच्या फाशाजवळ. मग तीन झाले, मग काखेत दोन. भांडुपला सकाळच्या लोकलमध्ये चढताना पर्सचा पट्टा आणि मंगळसूत्र एकाच बाजूला ओढलं गेलं की त्यातला एक नेमका अडकायचा आणि दादर येईपर्यंत चुरचुरत राहायचा. माझ्या वयाच्या निम्म्या मैत्रिणींचं हेच रडगाणं आहे, म्हणून काय करावं हे ठरवताना मी जे पडताळून पाहिलं ते इथे मांडते.

पहिला घोळ नावाचा. आपल्याकडे अंगावर काहीही उगवलं की ती चामखीळ. खरं तर चामखीळ विषाणूमुळे होते, खरखरीत असते आणि पसरू शकते. मस मऊ असतो, बारीक देठावर लोंबतो, हलवला तर हलतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आत थोडे सैल तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या, वरून साधी कातडी. बहुतेक मस एक ते पाच मिलिमीटरचे असतात आणि जिथे घडी पडते, घासलं जातं तिथेच येतात: मान, काख, स्तनांच्या खाली, जांघ, पापण्या. गालावर बारीक काळे चिकटवल्यासारखे ठिपके असतील तर तो वेगळा प्रकार, तोही सहसा निरुपद्रवी.

पाळीचा संबंध किती? आई म्हणते, ‘पाळी गेली की अंगावर असं उठतंच.’ भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते आणि मस वाढण्याचं वयही साधारण तेच. हार्मोन थेट मस उगवतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण इस्ट्रोजेन उतरलं की चरबी पोटावर साठू लागते आणि शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखं दाद देत नाही. मसांचं जवळचं नातं आहे ते या इन्सुलिनशी. त्यामुळे मस भराभर वाढत असतील, मानेची कातडी काळसर, मखमलीसारखी जाड झाली असेल, कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर काढायच्या आधी साखर तपासा. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे आत. मस पार्लरमध्ये काढून मोकळ्या होणाऱ्या बायकांचं मला याचसाठी वाईट वाटतं. शरीराने पाठवलेली चिठ्ठी न वाचताच फाडून टाकतात. आणि मसांसाठी म्हणून हार्मोनच्या गोळ्या मागू नका, त्या मसांवरचा इलाज नाहीत.

तसेच ठेवणे

हा पर्याय कुणी गंभीरपणे घेत नाही, कारण त्यात कुणाला पैसे मिळत नाहीत. मस कर्करोग नव्हे आणि काढला नाही तर बिघडत काहीच नाही. काखेतला, कुणाला न दिसणारा, न दुखणारा मस माझ्या मते ठेवूनच द्यावा. अडचण असते ती दागिन्यात अडकणाऱ्याची, ब्राच्या पट्ट्याखाली रोज सोलवटणाऱ्याची. त्यातून अंगातून वाफा निघायच्या या दिवसांत मान सतत घामेजलेली, म्हणजे घासलेल्या जागी आणखी आग. मसाचा रंग बदलला, आपोआप रक्त आलं, तो टणक झाला किंवा झपाट्याने वाढला, तर मात्र ‘ठेवणे’ हा पर्याय संपला. डॉक्टर तो काढून तपासणीला पाठवतील, आणि ते पाठवतात ना हे विचारा.

घरचे उपाय

मावशीचा सल्ला तयार होता: घोड्याच्या शेपटीचा केस बांध. मुंबईत घोडा कुठून आणायचा? मरीन ड्राइव्हवरच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या गेल्या, वरातीतल्या घोड्याची शेपूट ओढायची माझी हिंमत नाही. (शिवाय ‘मसाला केस बांध’ हे वाक्य फोनवर ऐकलेल्या माझ्या मुलाला आई स्वयंपाकात काय करतेय ते कळेना.) विनोद सोडला तर त्यामागे तर्क आहे. देठ आवळला की रक्तपुरवठा तुटतो आणि मस वाळून गळतो. पण तोवर काही दिवस तो सुजतो, ठणकतो. मुंबईच्या दमटपणात तिथे पू व्हायला वेळ लागत नाही, मधुमेह असेल तर त्याहून कमी.

चुना, लसूण, ॲपल सायडर व्हिनेगर हे तर सरळ भाजणं आहे. मस जातो की नाही ते नंतर, भोवतालची चांगली कातडी आधी जाते. ऑनलाइन मिळणारे थेंब आणि मलमं त्याच जातीची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्येच सांगितलं होतं की मस काढायला दुकानातून थेट घेता येईल असं एकही औषध त्यांनी मंजूर केलेलं नाही. पापणीवरच्या मसावर तर घरचा कुठलाच प्रयोग नको, तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच.

डॉक्टरकडे: कापणे, जाळणे, गोठवणे

बारीक देठाचा मस असेल तर निर्जंतुक कात्रीने खटकन कापतात. अगदी लहान असेल तर भूलही लागत नाही. थोडं रक्त येतं, दाबून किंवा औषध लावून थांबतं. तपासणीला तुकडा पाठवायचा तर हीच पद्धत बरी, कारण जाळलेल्यात पाहायला फारसं उरत नाही.

खूप बारीक बारीक मस असतील तर कॉटरी किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेच्या उपकरणाने जाळणं. आधी बधिर करणारं मलम लावून पाऊण-एक तास बसवतात, मग एकेक जाळत जातात. जळक्या केसांसारखा वास येतो, हे कुणी आधी सांगत नाही. खपली आठवडा-दोन आठवड्यांत पडते. हृदयासाठी पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कोणत्याही पद्धतीआधी सांगायचं, पण स्वतःच्या मनाने ती बंद करायची नाही.

तिसरी पद्धत द्रव नायट्रोजनने गोठवण्याची. ऐकायला सर्वात नवी वाटते, पण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीला मी ती शेवटी ठेवेन. रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीला फार हळव्या असतात, मग मस जातो आणि पांढरा ठिपका राहतो. उलट जास्त जाळलं की काळा डाग. नखाने खपली काढायची नाही आणि उघड्या मानेला सनस्क्रीन लावायचं, एवढं पाळलं तर काळा डाग बहुधा हळूहळू फिकटतो. पांढऱ्याची तशी खात्री नाही. आधीच्या जखमांचे फुगीर व्रण उठत असतील तर तेही पहिल्याच भेटीत बोलून टाका.

कुठे?

माझ्या नणंदेने घराजवळच्या एका पार्लरमध्ये ‘फेशियलबरोबर फुकट’ म्हणून सात मस जाळून घेतले. सुई नवी होती का, हे तिने विचारलं नाही. आता सात काळे ठिपके घेऊन फिरते. रक्त येणारं कुठलंही काम पार्लरमध्ये नको, यावर माझं मत बदलणार नाही.

उरले खाजगी त्वचारोगतज्ज्ञ आणि मोठी सरकारी-पालिका रुग्णालयं. केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. तिथे खर्च अगदी थोडा, पण सकाळी लवकर रांग, आणि निरुपद्रवी मसाला पुढची तारीख मिळू शकते. (पाहा, परत मसाला.) सुट्टी टाकणं परवडत असेल आणि साखरही तिथेच तपासून घ्यायची असेल तर मला हा मार्ग पटतो. खाजगीकडे वेळ आपल्या सोयीची. मात्र दर एका मसाचा की एका बैठकीचा हे खुर्चीत बसण्याआधी विचारा. दिसण्यासाठीचा उपचार धरून विमा कंपन्या सहसा पैसे देत नाहीत.

दोन बारक्या गोष्टी. ऑक्टोबरच्या उकाड्यात करू नका, डिसेंबर-जानेवारीत घाम कमी. आणि केस रंगवायचे असतील तर आधी रंगवून घ्या, ताज्या खपलीवर डाय झोंबतो.

मी काय केलं? आधी रक्त दिलं. एचबीए१सी ६.१ आलं, तेव्हा पहिली अपॉइंटमेंट आमच्या फॅमिली डॉक्टरांची झाली. जानेवारीत मानेवरचे तीन त्वचारोगतज्ज्ञांकडून कापून घेतले. काखेतले दोन अजून आहेत. मंगळसूत्र पंधरा दिवस कपाटात होतं, त्याबद्दल सासूबाई एकदाच बोलल्या.