काटा हलतोय, पण बूस्ट कुठाय?

सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप असलेली जुनी पेट्रोल गाडी तुमच्याकडे असेल किंवा सेकंडहँड घ्यायचा विचार असेल, तर डॅशबोर्डजवळच्या बूस्ट गेजवर, म्हणजे त्या जादा हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर, विश्वास टाकण्याआधी एवढं करा. इंजिन बंद ठेवा, चावी फक्त इग्निशनवर आणा आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबा. काटा जागचा हलता कामा नये. माझा सरळ दहा पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) गेला.

मी निपाणीचा. गाडी चढाला दम टाकायला लागली होती. तवंदी घाटात भरलेला ट्रक पुढे आला की त्याच्या मागेच रांगायची. आपल्या भागात टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा तसाच पंप) उघडणारे मिस्त्री पैशाला पासरी, कारण जीप, पिकअप, ट्रक सगळं टर्बो डिझेल. सुपरचार्जर उघडलेला माणूस मात्र शोधावा लागतो. कुणीतरी सीमेपलीकडचं हायवेवरचं एक गॅरेज सांगितलं. प्रकरण चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. मालक बोलायला एकदम गोड. ‘साहेब, सुपरचार्जरचं बेअरिंग गेलंय. पूर्ण रिबिल्ड करायला लागंल. आणि काम झालं की बूस्ट गेज आपल्याकडनं फुकट. तुमचं तुम्हालाच दिसंल की!’

बिल झालं अठ्ठ्याहत्तर हजार. गाडी ताब्यात देताना स्टिअरिंगवर तोच बसला, मी शेजारी. पाय दाबला की काटा दहावर, सोडला की शून्यावर. ‘बघा, दहा! कंपनीतनं आली तवा पण एवढा नव्हता.’ हे वाक्य तेवढं खरं होतं. पण गाडी पहिल्यासारखीच जड. फोन केला तर म्हणे नवीन बेअरिंग आहे, हजार-दोन हजार किलोमीटर पळवा, मोकळी होईल.

माझा एक मित्र बेळगावला उद्यमबागेत हायड्रोलिक्सच्या कारखान्यात आहे. त्याचा सगळा दिवस प्रेशर गेजसमोर जातो. तो गाडीत बसला, पण बूस्ट किती येतो ते त्याने विचारलंच नाही. इंजिन नुसतं आयडलला, म्हणजे पाय न लावता जागेवर चालू, ठेवायला लावलं आणि म्हणाला, ‘काटा शून्यावर कसा रे? पेट्रोल गाडी हाय की ही.’

सगळी मेख इथे आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप असते. आयडलला ती जवळजवळ बंद असते आणि पिस्टन हवा ओढत असतात, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (झडपेपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब, तयार होतो. गेजच्या डायलवर शून्याच्या डावीकडचा भाग त्यासाठीच असतो आणि त्यावरचे आकडे पाऱ्याच्या इंचात असतात. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला साधारण १८ ते २२ इंच व्हॅक्यूम दाखवतं. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवा विरळ, म्हणून इथे दोन-अडीच इंच कमी धरायचे. डिझेलमध्ये आयडलला असा व्हॅक्यूम जवळजवळ नसतोच, काटा शून्याशीच बसून असतो. आपली नजर डिझेलवर तयार झालेली. शून्यावरून उजवीकडे गेलेला काटा बघितला की आपण खूश. त्या गॅरेजवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. डायलची उजवी बाजू दाखवून तो पैसे घेतो, डावीकडे कुणी बघतच नाही.

मग मित्राने इंजिन बंद करून वर सांगितलेली परीक्षा केली. इंजिन बंद म्हणजे हवा दाबणारं कुणी नाही, तरी काटा दहावर! काचेशेजारच्या खांबाचं प्लास्टिक काढलं तेव्हा गेजच्या वायरी दिसल्या. एक बारा व्होल्टची, एक अर्थिंगची, एक सिग्नलची. सिग्नलची वायर इंजिनकडच्या प्रेशर सेन्सरला जायला हवी होती. ती खाली अ‍ॅक्सिलरेटर पॅडलच्या सेन्सरला जोडलेली. वायरीचं आवरण खरवडून, पीळ देऊन, वर काळी टेप. पॅडलचा सेन्सर जसजसं दाबू तसतसे जास्त व्होल्ट देतो, आणि इलेक्ट्रॉनिक गेजला व्होल्ट कळतात, ते कुठून आले हे कळत नाही. बॉनेटखाली ना त्याचा सेन्सर होता, ना व्हॅक्यूमची नळी.

खातरजमेसाठी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, लावला. बूस्टचं खोटं पकडायला बाजारातला साधा स्कॅनरही पुरतो, फक्त तो मॅनिफोल्डचा दाब निरपेक्ष सांगतो. म्हणजे इंजिन बंद असताना तो शून्य नाही, भोवतालच्या हवेचा दाब दाखवणार: बेळगावात ९२ किलोपास्कलच्या आसपास, पणजीला १०१. हा आकडा वजा केला की उरतो तो बूस्ट. खानापूर रोडला मच्छेच्या पुढे पूर्ण पाय दाबून बघितलं. दाब ८८च्या वर गेलाच नाही. बूस्ट औषधालाही नव्हता.

सुपरचार्जरचे बोल्ट कुणी पानासुद्धा लावला नसल्यासारखे, वर्षानुवर्षांच्या धुळीने माखलेले. खरा दोष निघाला इंटरकूलरनंतरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरच्या) रबरी होजमध्ये, म्हणजे नळीत. ती खालच्या बाजूने फाटली होती, म्हणून वरून दिसत नव्हती. दाबलेली हवा तिथूनच बाहेर जात होती. साडेतीन हजारांत होज बदलली. आता पूर्ण पाय दाबल्यावर स्कॅनर १३०च्या आसपास जातो. त्यातून ९२ वजा केले की ३८ किलोपास्कल, म्हणजे साडेपाच पीएसआय.

गेज मित्राने नवा, नळीवाला बसवून दिला. नळी मॅनिफोल्डला टी (तीन तोंडांचा जोड) घालून जोडायची, दोन्हीकडे क्लिप, आणि एक्झॉस्टपासून लांब. ब्रेकला जोर देणाऱ्या ब्रेक बूस्टरच्या नळीत टी टाकणारे मिस्त्री असतात. तिथे एकमार्गी झडप असते, तिच्या पलीकडे टी पडला तर व्हॅक्यूम अडकून राहतो आणि काटा डावीकडेच चिकटतो. आता आयडलला काटा सतराशी असतो, सावकाश चालवताना व्हॅक्यूमातच राहतो, आणि पाय पूर्ण दाबला की आरपीएमबरोबर चढत जातो, कारण सुपरचार्जर बेल्टवर फिरतो. पाय सोडला की काटा आयडलपेक्षाही खाली आपटतो. डायल बारचा आहे की पीएसआयचा तेही बघून घ्या. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय.

पैसे परत मागितले तेव्हा गॅरेजवाला म्हणाला, ‘तुम्ही कर्नाटकातले, केस करायला इकडं चकरा माराल काय?’ माराव्या लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. माझी बेळगावातच दाखल आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५. वायर सोडवण्याआधी तिचे फोटो काढा. बंद इंजिनावर काटा हलतानाचा व्हिडिओ घ्या, त्यात आरपीएमचा काटा शून्यावर दिसू द्या. रिबिल्ड सांगितलं असेल तर जुनं बेअरिंग हातात मागा आणि बिलात सुट्या भागांची यादी लिहून घ्या. माझ्या बिलावर ‘सुपरचार्जर काम’ एवढंच होतं.

नोटिशीला त्याने उत्तर दिलंय की गेज फुकट दिला होता, त्याची गॅरंटी नाही. आमची तक्रार गेजची नाहीच. ती न केलेल्या रिबिल्डची आहे, आणि तो गेज पुरावा म्हणून पिशवीत बांधून ठेवलाय.