विडी घरकुलातलं छतावरचं सौर: दहा महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टात केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून, म्हणजे छतावरच्या सौरला अनुदान देणाऱ्या योजनेतून, दोन पॅनेल बसवली, मिळून 1 किलोवॅटच्या जरा वर. पावसाळा, थंडी आणि सोलापूरचा मे महिना असं सगळं बघून झालं, म्हणून आता लिहितोय. पहिलं बिल आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

घर सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत. पुढे स्लॅबची खोली, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. आई पुढच्या खोलीत विड्या वळते. विडी वळणाऱ्या घरात पंखा असून नसल्यासारखा. जोरात लावला तर सुपातली तंबाखू उडते, भिजवलेली पानं वाळून कडक होतात. त्यामुळे पॅनेलचा पहिला फायदा मला बिलात दिसलाच नाही, तो आईनं सांगितला: "स्लॅब कमी तापतोय रे." पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, एवढंच. कुठल्याही माहितीपत्रकात हे नव्हतं.

आता आकडे. ढगाळ ऑगस्ट-सप्टेंबरात महिन्याला 85 युनिटच्या आसपास वीज तयार झाली, मार्चमध्ये 135. मे महिन्यात त्याहून जास्त होईल असं वाटलं होतं, झाली कमी. ऊन म्हणजे वीज हे अर्धंच खरं, पॅनेल जास्त तापलं की त्याचं काम मंदावतं. आमचा खर्च एरवी 80-90 युनिट. थंडीत बिल दीडशे रुपयांच्या आसपास आलं. ते शून्य होत नाही, कारण स्थिर आकार, म्हणजे युनिट कितीही असोत तरी लागणारी ठरावीक रक्कम, भरावीच लागते. 'बिल झिरो' म्हणून विकायला येणाऱ्याला हे आधी विचारा.

लाइट गेली की सौरही बंद. पहिल्यांदा भर दुपारी असं झालं तेव्हा गल्ली हसली. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, बॅटरीवाला नव्हे) आपोआप थांबतो, हे मी चार जणांना समजावलं. पटलं एकालाच.

धुळीचं दुखणं वेगळं. पंधरा दिवसांनी पॅनेल धुवावी म्हणतात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बादलीभर पाणी काचेवर ओतायचं म्हणजे घरात आधी भांडण. मी ओल्या फडक्यानं पुसतो, तेही उजाडायच्या आत.

बसवणाऱ्या ठेकेदाराबद्दल थोडक्यात: पैसे घेताना रोज फोन, नंतर नेट मीटरच्या (घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरच्या) कागदात चूक करून पाच आठवडे गायब. पॅनेल वर, मीटर जुनंच. अनुदानाचे 30,000 खात्यात आले, पण काम पूर्ण झाल्यावर. आधी पूर्ण 65,000 उभे करावे लागले. बचत गटातून आईला कर्ज मिळालं म्हणून जमलं.

मला सगळ्यात खटकली ती 31 मार्च ही तारीख. थंडीत जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवर जाते, ती युनिट खात्यात साठतात आणि पुढच्या बिलातून वजा होतात. पण आर्थिक वर्ष संपलं की हिशोब बंद. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, आपण विजेला भरतो त्याहून कमी दरानं. पुन्हा सुरुवात शून्यापासून, आणि एप्रिल लागताच कूलर सुरू. नोव्हेंबरपासून साठवलेली युनिट ऐन गरजेच्या आठवड्यात हातची गेली. आई म्हणाली, "हे म्हणजे उन्हाळ्यासाठी लोणचं घालायचं आणि गुढीपाडव्याला बरणी रिकामी करायची." मे महिन्यात आमचा वापर 160 युनिटवर गेला, तेवढी वीज पॅनेलनं दिली नाही.

हाच उन्हाळा दुसरीकडेही आडवा येतो. राज्याची 'स्मार्ट' योजना आहे: दारिद्र्यरेषेखालच्या घराला 1 किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500. महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्या आर्थिक दुर्बलांनाही मदत आहे, थोडी कमी. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. पण पत्र्याच्या घरात 43 अंशात कूलर लावणारा माणूस मे महिन्यात 100 च्या आत राहील कसा? ज्याचं घर जास्त तापतं त्याचीच युनिट वाढतात आणि कागदावर तोच सुखवस्तू ठरतो. ही 100 ची अट मोजताना वर्षाची सरासरी धरायला काय हरकत आहे? आणि भाडेकरूंचं काय, ज्यांना स्वतःचं छतच नाही? त्यांच्यासाठी माझ्याकडेही उत्तर नाही.

शेजारच्या अक्का आमचं बिल बघून अर्ज करायला निघाल्या होत्या. "मीटर मामांच्या नावावर, मामा तर वर गेले. सही कोण आणणार?" मामा म्हणजे सासरे, जाऊन नऊ वर्षं झाली. तीन दीर, एक भिवंडीला. आधी वारसाचे कागद, मग मीटरचं नाव बदलायचं, जुनी थकबाकी मिटवायची, त्यानंतर सौर. मी दोन रविवार त्यांच्यासोबत कागद लावत बसलो. भिवंडीच्या दिराची सही अजून यायची आहे.

तुमचं स्वतःचं छत असेल, मीटर स्वतःच्या नावावर असेल आणि साठ-सत्तर हजार आधी घालता येत असतील, तर बसवा. कूलर दोन असतील तर 1 किलोवॅटवर थांबू नका.