थंड प्रदेशातल्या जुन्या तळ्यांच्या गाळावरचा ऑनलाइन कोर्स – आवड असेल तर घ्याच

भूशास्त्राची थोडीफार आवड असेल तर हा रेकॉर्डेड कोर्स डोळे झाकून घ्या. विषय कोरडा वाटतो पण पहिल्याच लेक्चरमधे गाळाच्या कोअरचा (तळात नळी खुपसून काढलेल्या उभ्या नमुन्याचा) क्लोजअप दाखवलाय, उन्हाळ्यात बर्फ वितळून आलेल्या पाण्यासोबतची जाडसर, फिकट पट्टी आणि हिवाळ्यात तळं वरून गोठलं, पाणी शांत झालं की सावकाश खाली बसलेल्या चिकणमातीची गडद पट्टी, दोन्ही मिळून एक वर्ष! स्वीडनच्या डी गियर या भूशास्त्रज्ञाने असेच थर मोजून हिमयुग सरतानाचा काळ ठरवला, तो भाग तर मी परत परत बघितला.

थर विस्कटतात कसे हे त्याहून भारी समजावलंय. तरंगत्या हिमखंडातून दगड सुटून तळाशी पडला की खालचे थर वाकतात, कधी फाटतात आणि नंतरचे थर त्याच्यावर पांघरुणासारखे बसतात, म्हणजे दगड कधी पडला तेही कळतं. पुढे सरकणाऱ्या हिमनदीच्या रेट्याने पडलेल्या घड्या, सतत गोठून-वितळून गुंतलेले थर, सगळं खऱ्या फोटोंवर. भूकंपानेही अशाच वळ्या पडू शकतात त्यामुळे एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नका असं सरांनी बजावलंय, हे मला फार पटलं.

कमी काय तर कार्बन डेटिंग (कार्बनवरून वय काढणं) घाईत उरकलंय आणि काही फोटोंना स्केलच नाही, घडी बोटाएवढी की माणसाएवढी कळत नाही. पुढच्या बॅचला तेवढं कराच प्लीज.