हेंट ब्लू: रंग चोख, गोष्ट अर्धवट

एका कंपनीने लोककथांमधल्या रंगांची मालिका काढलीय. शेड कार्डवर प्रत्येक छटेखाली तिची गोष्ट छापलेली. मला असल्या गोष्टींचा भारी नाद, म्हणून व्हरांड्याच्या छताला हेंट ब्लू (हेंट म्हणजे भूत) घेतला.

रंगाबद्दल तक्रार नाही. फिकट निळा, किंचित हिरवट झाक. दोन हातांत खालचा पिवळा पार झाकला गेला, रोलरमधून गळलाही फारसा नाही. ट्यूबलाइटखाली मात्र दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. तिथे पिवळा दिवाच लावा.

चिडचिड झाली ती गोष्ट वाचून. 'अमेरिकेच्या दक्षिणेत भुतं पळवायला छत निळं रंगवत.' संपलं! अहो, पण कोण रंगवत? साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचे गुल्ला गीची, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. भुताला पाणी ओलांडता येत नाही अशी त्यांची समजूत. निळी चौकट किंवा निळं छत दिसलं की ते पाणी समजून माघारी फिरतं. त्याच किनाऱ्यावर अठराव्या शतकात निळीचे मळे होते आणि त्यात राबत होते ते यांचेच पूर्वज. नीळ, चुना आणि दूध कालवून हा रंग करायचे. एवढं सगळं सोडून कार्डावर नुसती भुतं उरलीत. त्या माणसांचं नाव छापायला कितीशी जागा लागली असती?

डब्यावर वर 'गांधीलमाश्या फिरकत नाहीत' असंही ठोकून दिलंय. जुन्या रंगात चुना असायचा, त्याच्या तिखटपणामुळे किडे लांब राहत असतील, असं म्हणतात. या अ‍ॅक्रिलिकमध्ये चुना औषधालाही नाही. माझ्या छताच्या कोपऱ्यात गांधीलमाशीने मातीचं घर बांधायला घेतलंय, अगदी निळ्यावरच.

त्याच कार्डावरच्या फालू लालची गोष्ट मात्र नीट लिहिलीय. स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीतली टाकाऊ लाल माती, पाणी, राय नावाच्या धान्याचं पीठ आणि जवसाचं तेल एकत्र शिजवून तो करतात. खाण १९९२ मध्ये बंद झाली, रंग अजून निघतो. पण खरा फालू लाल अगदी मॅट असतो, लाकडातला ओलावा बाहेर पडू देतो. कार्डावरचा नमुना प्लास्टिकसारखा चकाकतोय. लाकडी भिंतीला हा लावू नका. मॅटमध्ये काढला तर मी पुन्हा बघेन.